डिंक, ऊन आणि उघडं अंग

एप्रिल २०२३मध्ये मुंबईच्या कस्टम्सने परदेशातून आलेलं एक पार्सल अडवलं. आत सात कलाकृती होत्या: चार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या, तीन अकबर पदमसी यांच्या. मुंबईतल्या खरेदीदाराने त्या ब्रिटनमधल्या लिलावांत रीतसर पैसे मोजून घेतल्या होत्या. पदमसींच्या तीनपैकी एक ‘न्यूड’ नावाचं रेखाचित्र होतं आणि दोन छायाचित्रं. अधिकाऱ्यांना त्यांत उघडं अंग तेवढं दिसलं. जुलै २०२४मध्ये माल जप्त करून ५० हजार रुपये दंड ठोठावण्याचा आदेश निघाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्या. महेश सोनक व न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. नग्न आहे म्हणून प्रत्येक चित्र अश्लील ठरत नाही, एवढी साधी गोष्ट कस्टम्सला समजावून सांगायला खंडपीठाला बरीच पानं खर्ची घालावी लागली. चित्रं दोन आठवड्यांत मालकाला परत द्या, असंही त्यांनी बजावलं.

पदमसी तोवर हयात नव्हते. २०२०मध्येच ते गेले. असते तर त्यांना फारसं नवल वाटलं नसतं. १९५४मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं ‘लव्हर्स’ हे चित्र लागलं तेव्हा पोलिसांनी ते उतरवायला सांगितलं होतं. विशीतल्या त्या चित्रकाराने नकार दिला, खटला ओढवून घेतला आणि तो जिंकला. मधल्या ७० वर्षांत मुंबई किती बदलली, पण पोलीस, कस्टम्स आणि उघडं अंग यांचं भांडण जागच्या जागीच राहिलं.

या प्रकरणात चित्र आणि छायाचित्र यांचा एकत्र निकाल लागला. लोकांच्या मनात मात्र त्या दोन गोष्टी एक नसतात. महाशिवरात्रीला यवतमाळ-चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसं लेकराबाळांसह मार्कंडादेवाच्या यात्रेला जातात. वैनगंगेच्या काठच्या त्या देवळांवर मिथुनशिल्पं आहेत. ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणून आपण ती कौतुकाने दाखवतो. पोरांच्या डोळ्यांवर कोणी हात ठेवत नाही. पण तीच मुद्रा फोटोत आली की चर्चेचा सूर पालटतो, कारण फोटो म्हटलं की कोणीतरी खरी बाई, खरा पुरुष त्या क्षणी तिथे कपड्यांविना उभा होता. तिला घर आहे, माहेर आहे, शेजारी आहेत. आणि फोटोच्या प्रती निघतात. शिल्प देवळातच राहतं, फोटो कुठे जाईल सांगता येत नाही.

प्रतींची ही धास्ती समजून घेतली की आजचे काही छायाचित्रकार नग्न आणि शृंगारिक छायाचित्रांसाठी दीडशे वर्षं जुन्या छपाईच्या रीतींकडे का वळतात, याचा उलगडा होऊ लागतो.

या रीतींना ‘ऑल्टरनेटिव्ह प्रोसेस’ म्हणतात. कारखान्यात तयार होणारा चांदीच्या लेपाचा फोटो पेपर बाजारात येऊन सगळीकडे पसरला, त्याआधी छायाचित्रकार कागदाला किंवा काचेला स्वतःच्या हाताने रसायन लावत. सायनोटाइप, गम प्रिंट, कार्बन, प्लॅटिनम, ओल्या कलोडियनची काच अशी ही मोठी बिरादरी आहे. यातल्या बहुतेक रीतींना ना लॅब लागते, ना काळीकुट्ट डार्करूम. मंद पिवळ्या दिव्याची खोली, कागद, ब्रश, पाणी आणि ऊन एवढ्यावर काम भागतं.

लॅब लागत नाही, ही गोष्ट शहरी वाचकाला किरकोळ वाटेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव, वणी, पांढरकवडा अशा गावांत फिल्मच्या जमान्यात ती किरकोळ नव्हती. रोल स्टुडिओत द्यायचा, तो धुवायला बहुधा यवतमाळ-नागपूरच्या लॅबमध्ये जायचा, आणि परत येईपर्यंत पाच-सात जणांच्या नजरेखालून गेलेला असायचा. लग्नाच्या अल्बमला ते चालतं. आपल्या बायकोचं, नवऱ्याचं किंवा स्वतःचं उघडं अंग टिपायचं कोणाच्या मनात आलं तरी ते मनातच राहायचं. नंतर मोबाइल आला, मधली माणसं गळाली आणि त्यांच्या जागी सगळं जग येऊन बसलं. फाइल एकदा निसटली की संपलं. हाताने उन्हात छापलेला कागद या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे: करणाऱ्याच्या घरात जन्मतो आणि त्याने ठरवलं तर घरातच राहतो.

प्रतींच्या या राजकारणाची एक विलक्षण कथा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सची आहे. अर्नेस्ट बेलॉक हा तिथला साधा व्यावसायिक फोटोग्राफर. १९१२च्या सुमारास त्याने स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीतल्या बायकांचे काचेच्या निगेटिव्हवर फोटो काढले. कोणी नटूनथटून बसलेली, कोणी पट्ट्यापट्ट्यांचे लांब मोजे घालून हातात दारूचा ग्लास घेतलेली, कोणी पूर्ण विवस्त्र. पाहणाऱ्याला चटकन जाणवतं ते त्यांचं सैलावलेपण. समोरचा माणूस ओळखीचा आहे, त्याच्यापासून भय नाही, असं त्यांचं बसणं सांगतं. बेलॉकने हे फोटो कधी प्रदर्शनात लावले नाहीत. १९४९मध्ये तो गेला. पुढे १९६६मध्ये ली फ्रीडलँडर या नामवंत छायाचित्रकाराने त्या काचा विकत घेतल्या. आधुनिक कागदावर त्या छापून बघितल्यावर त्याला त्यांत जीव वाटेना. कारण बेलॉकच्या काळचं निगेटिव्ह त्या कागदाला झेपत नव्हतं. मग त्याने बेलॉकच्या काळातली रीत शोधली: दिवसाच्या उजेडात सावकाश उमटणारा ‘प्रिंटिंग-आउट’ कागद आणि वर सोन्याच्या क्षाराचं टोनिंग. एकेका प्रतीला तास नाही तर दिवस लागत. १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ही छायाचित्रं मांडली आणि बेलॉक मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

त्या काचांपैकी काहींवर बायकांचे चेहरे खरवडून काढलेले आहेत. बेलॉकने केलं की दुसऱ्या कोणी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. कोणीही केलं असो, त्या ओरखड्यांत चेहरा लपवायची गरज दिसते. आणि हेही खरं की ज्यांच्यामुळे ही छायाचित्रं जगप्रसिद्ध झाली, त्या बायकांना ६० वर्षांनी कोणी विचारलं नाही. विचारण्याजोगं तेव्हा बहुधा कोणी उरलंही नव्हतं.

आता छपाई जवळून बघू. विदर्भातल्या माणसाला सगळ्यात ओळखीची वाटावी अशी रीत म्हणजे गम प्रिंट. यातला ‘गम’ म्हणजे डिंक, बाळंतिणीच्या लाडवात पडतो त्याच जातकुळीचा. छपाईला बाभळीच्या कुळातला, पाण्यात स्वच्छ विरघळणारा डिंक लागतो. आपल्या जंगलातला धावड्याचा डिंक लाडवाला उत्तम, पण तो पाण्यात पुरता विरघळत नाही, त्यामुळे इथे त्याचा उपयोग कमी. डिंकाचं पाणी, त्यात जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण असं मिश्रण करून ते जाड कागदावर रुंद ब्रशने पातळ, एकसारखं पसरायचं. अंधारात वाळवायचं. वर फोटोएवढ्याच मापाचं निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात मांडायचं. हल्ली हे निगेटिव्ह संगणकावर करून पारदर्शक फिल्मवर साध्या प्रिंटरने काढतात. जिथे ऊन लागतं तिथला डिंक कडक होतो आणि रंगाला धरून ठेवतो. मग कागद साध्या पाण्यात उपडा तरंगत ठेवायचा. न कडकलेला डिंक हळूहळू सुटतो, पाण्यात रंगाचे ढग उतरतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने खांद्याची रेष, पाठीचा उतार, मांडीवरची सावली वर येते. एका थरात चित्र फिकट येतं. वाळवून तोच कागद पुन्हा माखायचा, निगेटिव्ह केसभरही न सरकता बसवायचं, पुन्हा ऊन, पुन्हा पाणी. चार-पाच थर सहज होतात. पाण्यात असताना ब्रशने हलकेच घासून नको तो भाग पुसताही येतो. म्हणून एकाच निगेटिव्हच्या दोन गम प्रिंट सारख्या निघत नाहीत.

मारेगावच्या मे महिन्यातल्या उन्हाला कोणी नाव ठेवणार नाही. पण गम छापणाऱ्याला तो महिना गैरसोयीचा. डायक्रोमेट लावलेला कागद उष्ण किंवा दमट हवेत अंधारातही आपोआप कडक होऊ लागतो, मग पाण्यात रंग सुटतच नाही. आपल्याकडे हे काम थंडीतच करावं. आणि एक इशारा इथे द्यायलाच हवा: डायक्रोमेट विषारी आहे, त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. हातमोजे हवेत, स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही, सांडपाणी विहिरीकडे जाऊ द्यायचं नाही. हौशी लेखांत हे वाक्य तळटीपेत ढकलतात; ते मजकुरातच असावं.

नवख्याने सुरुवात सायनोटाइपने करावी, असं जाणकार सांगतात. सर जॉन हर्शेल यांनी १८४२मध्ये शोधलेली ही रीत लोखंडाच्या क्षारांवर चालते आणि गडद निळं चित्र देते. इंजिनिअरांची ‘ब्लू प्रिंट’ याच घराण्यातली. युरोपातल्या काही जाणकारांना हा निळा रंग खटकायचा. निसर्गदृश्यांनाही तो शोभत नाही, असं ते म्हणत. विठ्ठल आणि कृष्ण पाहत वाढलेल्या डोळ्यांना निळ्या कायेचं वावडं असायचं कारण नाही. उलट शृंगाराचा देवच आपल्याकडे त्या रंगाचा आहे. तरीही निळा नको असेल तर तयार प्रिंट धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात फिकी करून कडक कोऱ्या चहात बुडवतात. चहातल्या टॅनिनने निळा जाऊन तपकिरी-काळसर छटा येते, आणि ती कातडीच्या रंगाच्या जवळ जाते. दूध घातलेला चहा अर्थातच चालत नाही.

महाराष्ट्राला या रसायनांचा परिचय जुना आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. डायक्रोमेट मिसळलेला लेप उन्हाने कडक होतो, याच गुणावर पुढे फोटोलिथो आणि चित्रं छापायचे ब्लॉक बनवण्याचं सगळं तंत्र उभं राहिलं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४मध्ये गिरगावात सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छपाईच्या धंद्यात होते; ब्लॉक, फोटोलिथो, तिरंगी छपाई सगळं त्यांनी हाताने केलं होतं. शृंगाराची त्यांची समजही तल्लख. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती आणि सख्यांच्या जलविहाराचं दृश्य आहे, ओल्या साड्या अंगाला चिकटलेल्या. त्या सगळ्या ‘बायका’ पुरुष होत्या, कारण पडद्यावर यायला एकही स्त्री मिळाली नव्हती. भारतीय सिनेमातला पहिला शृंगार मिशा काढलेल्या गड्यांनी निभावला.

ब्लॉकनेच महाराष्ट्राला सर्वांत धीट नग्न चित्रं दिली. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र छापायला ते कचरले नाहीत. नग्नता आणि अश्लीलता वेगळ्या, हे ते दर महिन्याला वाचकाला पहिल्याच पानावर सांगत. लेखांवरून खटले झाले, दंड झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तोही खटला कर्वे हरले. मासिक मात्र त्यांनी १९५३मध्ये मरेपर्यंत चालवलं.

कर्व्यांना अनेक प्रती हव्या होत्या, कारण त्यांचा हेतू प्रबोधनाचा होता. कलाकाराचं गणित वेगळं असतं. १९६९मध्ये पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उघडलं आणि चित्रकारांना तिथे डार्करूम आणि कॅमेरे वापरू दिले. जे. जे. कलाशाळेत शिकणाऱ्या नलिनी मलानी तिथे पोहोचल्या. त्यांनी कॅमेऱ्याविना, थेट प्रकाशसंवेदी कागदावर वस्तू आणि उजेड यांचा खेळ मांडून फोटोग्राम केले; ही रीत खुद्द फोटोग्राफीइतकीच जुनी. त्याच सुमारास स्त्रीच्या एकांतातल्या कामेच्छेवर त्यांनी ‘ओनॅनिझम’ ही छोटी फिल्म केली. विशीच्या उंबरठ्यापलीकडे नुकतीच पोहोचलेली मुलगी १९६९मध्ये हा विषय घेते, हे आजही दचकवतं. उतारवयात पदमसी स्वतः कृष्णधवल नग्न छायाचित्रांकडे वळले. शरीराला त्यांनी उजेड-सावलीच्या डोंगरउतारासारखं वागवलं.

या परंपरेला एक काळी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकातला साहेब ‘जातीजमातींची नोंद’ म्हणून कॅमेरा घेऊन फिरला. ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. ओल्या कलोडियनची काच निळा उजेड तेवढा ओळखते, लाल-पिवळा ओळखत नाही. त्यामुळे आपली गव्हाळ-सावळी कातडी तिच्यावर आहे त्याहून कितीतरी काळी उमटे. आदिवासी बाईचं उघडं अंग या ‘शास्त्रीय’ नोंदीत, आणि पुढे स्वतंत्र भारतातल्या कॅलेंडरांत आणि मासिकांतही, कोणाला अश्लील वाटलं नाही. तिला विचारायचंही कोणाला सुचलं नाही. मारेगाव तालुक्यात कोलाम आणि गोंड वस्ती आहे. तिथल्या वाचकाला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. संमती नसलेला तो फोटो कितीही ‘सांस्कृतिक’ असो, पदमसींच्या जप्त छायाचित्रांहून तोच जास्त आक्षेपार्ह आहे.

याच कलोडियनला सॅली मान या अमेरिकन छायाचित्रकारबाईंनी उलट्या दिशेने वापरलं. स्नायू झिजत जाण्याचा आजार झालेल्या नवऱ्याची विवस्त्र छायाचित्रं त्यांनी काही वर्षं काढली. ‘प्राउड फ्लेश’ नावाने ती २००९मध्ये लोकांसमोर आली. काचेवर रसायनाचे ओघळ, डाग, कडेला निघालेले पापुद्रे. बारीक झालेला दंड, कृश मांडी. काच ओली असेपर्यंतच फोटो घ्यायचा असल्याने दर वेळी दोघांना तासन्तास एकमेकांच्या संगतीत काढावे लागत. बाईने पुरुषाकडे इतकं रोखून पाहिलेलं कलेच्या इतिहासात क्वचितच सापडतं.

महाराष्ट्रात नग्न छायाचित्राचा सर्वांत गाजलेला खटला मात्र जाहिरातीचा. १९९५मध्ये टफ शूजच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मूळच्या नागपूरच्या मधू सप्रे यांचं प्रबुद्ध दासगुप्ता यांनी टिपलेलं छायाचित्र आलं: पायांत बूट, अंगाभोवती अजगर. खटला १४ वर्षं चालला आणि २००९मध्ये सगळे सुटले. दरम्यान १९९६मध्ये दासगुप्तांचं नग्नचित्रांचं ‘विमेन’ हे पुस्तक निघालंही होतं.

कायद्याने इतक्या वर्षांत दोन पावलं पुढे टाकली. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या जोडीदाराच्या नग्न छायाचित्राच्या प्रकरणात अश्लीलतेची जुनी इंग्रजी कसोटी बाजूला सारली आणि चित्र त्याच्या संदर्भात, आजच्या समाजाच्या नजरेने पाहायचं असं ठरवलं. दुसरं पाऊल कमी गाजलं, पण या विषयासाठी तेच जास्त मोलाचं. २०१३मध्ये फौजदारी कायद्यात आलेली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये असलेली तरतूद सांगते की बाईने फोटो काढायला होकार दिला, पण तो इतरांना दाखवायला दिला नसेल, तर पसरवणारा गुन्हेगार. काढणं आणि पसरवणं या दोन वेगळ्या संमती आहेत, हे कायद्याच्या पुस्तकात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं.

छपाईच्या या जुन्या रीती शिकवण्यासाठी गोव्यात पी. माधवन यांनी सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी उभारलं. रसायनं शिकवता येतात. संमतीचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. मॉडेलशी आधी लेखी ठरवायचं: किती प्रती काढायच्या, त्यांतली एक तिची की नाही, निगेटिव्ह कोणाकडे राहील की छपाईनंतर फाडायचं, आणि प्रिंटचा मोबाइलवर फोटो घ्यायचा की नाही. शेवटच्या अटीवरच बहुतेक जण अडखळतात. पाच थरांची गम प्रिंट महिनाभर खपून करायची आणि कौतुकाच्या भरात ती इन्स्टाग्रामवर टाकायची, म्हणजे आयटी कायद्याचं कलम ६७ दारात बोलवायचं आणि मॉडेलला दिलेला शब्दही मोडायचा.